केशर कंदकूज : पाणी कमी करून भागणार नाही

केशराचे कंद कुजायला लागले की 'पाणी कमी करा, कूज थांबेल' असा सल्ला दिला जातो. कुंडीत किंवा मातीत लावलेल्या कंदांना ते लागू आहे, पण एसीच्या खोलीत, मातीशिवाय रॅकवर कंद फुलवताना आपण पाणी घालतच नाही; फूल कंदातल्या साठ्यावर येतं. तरी कूज येते, कारण फ्युजेरियम बुरशी काढणी-वाहतुकीत झालेल्या जखमेतून शिरते आणि बाकीचं काम कोकणातली दमट हवा करते. काश्मीरहून श्रावण-भाद्रपदात पोती आली की ती बांधलेली ठेवू नका, आत घाम धरतो. त्याच दिवशी एका थरात पसरा, सुटी टरफलं काढा, बूड अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं किंवा खोलगट तपकिरी डाग दिसला तर तो कंद बाद. कापून वाचवायच्या भानगडीत पडू नका. उरलेले कंद मॅन्कोझेब ३ ग्रॅम आणि कार्बेन्डाझिम १ ग्रॅम (दोन्ही बुरशीनाशकं) प्रति लिटरच्या द्रावणात ५ ते १० मिनिटं बुडवा (हातमोजे घालूनच) आणि सावलीत पंख्याखाली खडखडीत वाळवून मगच रॅकवर. एसीच्या खोलीचं दार सारखं उघडलं तर बाहेरची दमट हवा गार कंदांवर दव धरते, म्हणून आर्द्रता मोजायचं यंत्र आत हवंच.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) त्याच द्रावणात ढकलू नका, कार्बेन्डाझिम त्यालाही मारतं. तो नंतर, मातीत लावताना शेणखतातून द्या. आणि फुलं संपल्यावर जुना कंद सुरकुतून कोरडा होतो, वर नवे धरतात. ती कूज नव्हे, उपटून टाकू नका.