१९ वर्षे आयसीयूत काढली, आता पुन्हा शिकायला बसू का? पोस्ट बेसिक बीएस्सी की डिप्लोमा, सल्ला हवा

नर्सिंगमधल्या सगळ्यांना विचारतेय. जीएनएम (नर्सिंगचा मूळ डिप्लोमा, डिग्री नव्हे) २००६ साली झालं. तेव्हापासून खासगी नोकरी, बहुतेक मेडिकल आयसीयूतच. वय ४१, मुलगी दहावीला, सासूबाई घरी. गेल्या महिन्यात इनचार्जची जागा निघाली आणि ती मिळाली माझ्या हाताखाली कॅथेटर घालायला शिकलेल्या मुलीला. ती बीएस्सी, मी नाही. पोरगी गुणी आहे, तिच्यावर राग नाही. पण त्या दिवशी तिला हँडओव्हर देताना जीभ जड झाली खरी.

शिकायला माझी ना नाही. आमच्याकडे सीएनई (नोकरीत असताना करायचं चालू शिक्षण) म्हणजे नाइट करून आलेल्यांना तसंच हॉलमध्ये बसवायचं. सही, समोसा, सर्टिफिकेट. पण दोन वर्षांपूर्वी एबीजीवर (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) दिवसभराची कार्यशाळा झाली, ती कामी आली. तोवर सतरा वर्षं मी सॅम्पल काढून मशीनची पट्टी डॉक्टरांच्या हातात नेऊन देत होते, पोस्टमनसारखी! महिन्याभरात एका रात्री अडीचला सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) आजोबा. सॅच्युरेशन ९६, मुलगा खूश, "झोप लागली एकदाची." मला ती झोप काही बरी वाटेना. पट्टीवर पीएच ७.२१, कार्बन डायऑक्साइड ६८, दोन्ही बिघडलेले. ऑक्सिजन भरपूर चालू, म्हणून मॉनिटर छान दिसत होता आणि आत गॅस साठत चालला होता. फोनवर "पेशंट झोपाळू आहे" एवढंच न सांगता आकडे सांगितले आणि बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) बेडशी आणून ठेवला. डॉक्टर आले तेव्हा फक्त मास्क लावायचा बाकी होता.

तर प्रश्न असा. नियमित पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची डिग्री) दोन वर्षांचं, म्हणजे तेवढे दिवस पगार बंद. इग्नूचं (मुक्त विद्यापीठ, नोकरी सांभाळून) निदान तीन वर्षं. क्रिटिकल केअरचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एका वर्षाचा, मन तिकडे ओढतंय. नवरा म्हणतो डिग्रीच कर. चाळिशीनंतर कोणी केलंय का?

प्रतिसाद (ट्यूटर_सिस्टर):
ताई, तीन गोष्टींची मिसळ होतेय. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाचे पाच वर्षांतले १५० तास सीएनईने भरतील, पण त्यावर कोणी इनचार्ज करत नाही. डिप्लोम्याने हात तयार होतो. पदाला मात्र डिग्री विचारतात. शिवाय पुढे क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर व्हावंसं वाटलं, तर तो दोन वर्षांचा एमएस्सी कोर्स आहे आणि त्याला बीएस्सी लागतेच. डिप्लोम्यावरून तिथं जाता येत नाही. नवऱ्याचं ऐका (हे मी सहसा कोणाला सांगत नाही).

प्रतिसाद (ब्रदर_नाइटवाला):
मी ३८व्या वर्षी इग्नूतून केलं. प्रवेशपरीक्षा असते, तिचं टेन्शन घेऊ नका. पुस्तकं घरी आली तरी हे घरबसल्या होणारं काम नाही, प्रॅक्टिकलला जावं लागतं. त्या दिवसांची सुट्टी मेट्रनकडून आधी लेखी घ्या, तोंडी शब्दावर राहू नका. मला सगळ्यात जड गेलं ते लिहिणं. वर्षानुवर्षं नोट्समध्ये "पेशंट कम्फर्टेबल" लिहिणारा हात, त्याला पानंच्या पानं असाइनमेंट! पण संशोधनाच्या ज्या विषयाला सगळे नाकं मुरडतात, तिथंच मला कळलं की श्वासनळीतल्या ट्यूबमध्ये सलाइन घालून सक्शन करायचं (कफ ओढायचा) आपण का सोडलं. वॉर्डात फक्त "आता नाही घालायचं" एवढंच सांगितलं होतं.
पगाराचं विचाराल तर जुन्या ठिकाणी फरक शून्य. दुसरीकडे अर्ज टाकला तेव्हा पडला.

धागाकर्ती:
"आता नाही घालायचं", अगदी हेच आमच्याकडेही! बरं, इग्नूकडे वळतेय. डिप्लोम्याचं नंतर बघू. एकच अडचण, माझं पहिलं हॉस्पिटल कधीच बंद पडलं, तिथलं अनुभवाचं पत्र नाही. इथं २०१३पासून आहे.

ट्यूटर_सिस्टर:
जीएनएमनंतरचा दोन वर्षांचा अनुभव पुरतो. आत्ताच्या हॉस्पिटलचंच पत्र घ्या. आणि बारावीची मार्कशीट शोधून ठेवा, ऐन वेळी तीच सापडत नाही.