वर्ग तीन शनिवारांचा, व्यासपीठ कोणाचं?

एसटीवाला:
सर्वांना सलाम. परवा ‘जुना बाक’ यांनी इथे लिहिलं की चर्चच्या साध्या सभासदांना उपदेश-उपासना शिकवणाऱ्या वर्गाला तीन शनिवार बसून कोणी उपदेशक होत नाही, व्यासपीठ पाळकांचं (पास्टरांचं), मंडळीने म्हणजे सभासदांनी बाकावर बसून ऐकावं, ले लीडर (सभासदांतला पुढारी) आणि लोकल प्रीचर (पाळक नसलेला उपदेशक) ही नुसती हौस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी सासू गेली तो जुलै महिना. आमच्या पाळकसाहेबांकडे चार मंडळ्या. त्या दिवशी ते पस्तीस किलोमीटरवर होते आणि मधल्या नाल्याला पूर. कबर खणून तयार होती, तीत पाणी भरत होतं, दोन पोरं तेलाच्या डब्याने ते उपसत होती. पन्नास माणसं उभी, पण उपासनेचं पुस्तक हातात घ्यायची एकाची छाती होईना. शेवटी पोस्टातून निवृत्त झालेले एक काका पुढे झाले. मोबाइलच्या उजेडात त्यांनी बायबलातलं स्तोत्र 90 वाचलं, ‘मातीला माती’ वाचलं. आवाज थरथरत होता, पण एक ओळ सुटली नाही. आठ वर्षांपूर्वी ते अशाच वर्गाला बसले होते, म्हणून निदान कुठलं पान काढायचं ते त्यांना ठाऊक होतं.

आणि ही काय आजची टूम आहे? आपला मेथडिस्टांचा ‘क्लास’, म्हणजे सभासदांचा छोटा गट, 1742 साली इंग्लंडात ब्रिस्टलला सुरू झाला तो प्रार्थनाघराच्या कर्जापायी. माणशी आठवड्याला एक पेनी, बारा जणांमागे गोळा करणारा एक. तो दारोदार जायला लागला तेव्हा कळलं कोण दारूत बुडालंय, कोणाच्या घरात भांडण आहे. पेनी गोळा करणाराच त्या बारा जणांचा पुढारी झाला. 1871-72 मध्ये अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले तेव्हाही क्लास लोकांच्या घरांतच भरले. असं असताना आता मंडळीने नुसतं बाकावर बसायचं?

पाळकाची लेक:
दादा, सासूबाईंचं वाचून गलबलून आलं. पण आमच्या घरातली दुसरी बाजूही ऐका.

बाबांची नेमणूक होती त्या गावात एका बाईचं तीन वर्षांचं मूल डेंग्यूने गेलं. पुढच्या रविवारी बाबा बाहेरगावी होते, म्हणून वर्ग केलेल्या एका भाऊंनी उपदेश केला. म्हणाले, विश्वास पक्का असेल तर येशूने उठवलेल्या याईराच्या मुलीसारखं मेलेलं मूलही उठतं. ती बाई तिसऱ्या बाकावर बसली होती. उठून गेली ती सात महिने आली नाही. बाबा दर गुरुवारी तिच्या घरी जायचे. सुरुवातीला ती दार उघडत नसे. ते ओट्यावर अर्धा तास बसून परत यायचे. चुकीचा उपदेश काय करतो ते मी त्या ओट्यावर पाहिलंय.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या काळाचा दाखला देताय तर पुरता द्या. सामान्य माणसांना त्यांनी उपदेश करू दिला, पण दिवसाला निदान पाच तास वाचन करा असंही बजावलं. वाचायची आवड नाही म्हणणाऱ्याला सांगितलं, सवय करून आवड लाव, नाहीतर आपल्या धंद्याला परत जा. आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार त्या उपदेशकांना त्यांनी दिला नव्हता.

एसटीवाला:
ताई, प्रभुभोजनाला हात लावायचं मी म्हटलेलंच नाही. त्या भाऊंचं शिक्षण कमी पडलं, म्हणजे तुमची गोष्ट शिक्षण वाढवा असंच सांगते ना?

जुना बाक:
मूळ मजकूर माझा. मला कोणाचा द्वेष नाही. मी तेहतीस वर्षं मंडळीचा हिशेब लिहिलाय आणि काय चालतं ते पाहिलंय. वर्गाचं प्रमाणपत्र हातात पडलं की दोन महिन्यांत माणूस पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) निवडणुकीला उभा. मग जागेचं भाडं, कंपाउंडची भिंत, कोर्टाची तारीख. आजाऱ्याच्या उशाशी बसायला यांतला एकही नसतो. ज्याला सेवा करायची त्याला प्रमाणपत्र कशाला लागतं?

आजीची नात:
वर्गाला बसतं कोण ते आधी बघा. आमच्याकडे अकरा जण होते, सगळे पुरुष. बायकांनी त्या शनिवारी पोहे केले. माझी आजी बायबलबाई होती, खेड्यापाड्यांत पायी फिरून बायकांना वचन वाचून दाखवायची, अक्षरओळख करून द्यायची. 1761 मध्ये इंग्लंडात सारा क्रॉस्बी या मेथडिस्ट बाईच्या क्लासला तीस जण येतील असं वाटलं होतं, आले दोनशेच्या आसपास, आणि ती त्यांच्यासमोर बोलली. आम्ही मात्र अजून डब्ल्यूएससीएसच्या (मंडळीतल्या बायकांच्या संघटनेच्या) रविवारची वाट बघतो.

आणि वर्गाची टिपणं? इंग्रजीवरून केलेलं असं मराठी की माझ्या आईला वाक्य तीनदा वाचावं लागलं.

हेडफोन:
मराठीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी एमवायएफमध्ये (मेथडिस्ट तरुणांच्या संघात) आहे, बावीस वर्षांचा. मागच्या महिन्यात मला उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायला दिला होता. मी इंग्रजी माध्यमातला. ‘क्लेश’ आणि ‘ऐश्वर्य’ला अडखळलो, तर मागून एक काका मोठ्याने म्हणाले, बस खाली, दुसऱ्याला दे. सगळ्यांसमोर. पुढे कोण येईल?

जुना बाक:
वचन अडखळत वाचणं हा वचनाचा मान नाही. घरी चार वेळा वाचून यायचं. आमच्या वेळी दिव्याखाली बसून पाठ करायचो.

हेडफोन:
मी घरी सहा वेळा वाचलं होतं काका. रोमन अक्षरांत लिहून घेऊन. ते तुम्ही विचारलं का?

आजीची नात:
पोराला झापू नका. त्याला मराठी शाळेत घातलं नाही तो निर्णय त्याचा नव्हता, आपल्या पिढीचा होता. आपणच पोरांना इंग्रजी शाळेत घातलं, आणि आता रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गायला कोणी नाही म्हणून रडतो.

जुना बाक:
माझी तिन्ही मुलं मराठी शाळेत शिकली. मला सांगू नका.

पाळकाची लेक:
मूळ प्रश्नावर येऊ या का? इंग्लंडमधल्या मेथडिस्टांकडे लोकल प्रीचरला आधी ‘ऑन नोट’ ठेवतात, मग ‘ऑन ट्रायल’. अनुभवी उपदेशकासोबत उपासना चालवायची, अभ्यास करायचा, उपदेश ऐकून बाकीच्यांनी चुका दाखवायच्या. हे तीन शनिवारांत उरकत नाही. वर्षभर असं चाललं तर माझी हरकत नाही. दफनविधी, घरभेट, आजाऱ्याजवळ प्रार्थना हे आधी शिकवा. व्यासपीठ सगळ्यांत शेवटी.

एसटीवाला:
व्यासपीठ शेवटी, हे मान्य. मला आधी कबरीशी उभा राहील असा माणूस हवाय.

जुना बाक:
पोस्टातल्या काकांसारखी माणसं असतील तर मी वर्गाला विरोध करणार नाही. पण वर्ग केलेल्याने दोन वर्षं निवडणुकीला उभं राहायचं नाही, हे आधी लेखी घ्या. त्याशिवाय मी वर्गाच्या बाजूने मत देणार नाही.

आजीची नात:
आणि अकरातल्या पाच बायका. तेही लेखी घ्या.

जुना बाक:
घ्या. पोहे कोण करणार ते ठरवा म्हणजे झालं.

आजीची नात:
पोहे तुम्ही करा. मी गंभीरपणे सांगतेय.

हेडफोन:
माझं काय?

जुना बाक:
पुढच्या महिन्यात तुला स्तोत्र 121 दे म्हणून सांगतो. देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो, जोडाक्षरं फोडून. शनिवारी पाचला प्रार्थनाघरात ये, मी मागच्या बाकावर बसेन. तू पुढून वाच.