मदत हवी आहे: पाचवीची पुनर्परीक्षा

पुतणी जिल्हा परिषद शाळेत पाचवीत आहे. वार्षिक परीक्षेत गणितात नापास झाली. शाळा म्हणते, याच वर्गात बसवा.

शिक्षण हक्क कायद्यात 2019 साली बदल झाला आणि 2023 पासून आपल्या राज्यातही पाचवी-आठवीला नापास करता येतं, हे ठाऊक आहे. पण त्याच कायद्यात निकालापासून दोन महिन्यांत जादा शिकवणी आणि पुनर्परीक्षा आहे ना? दोन्ही झालेलं नाही. निकालाला पाच आठवडे झाले. मुख्याध्यापकांना दोनदा भेटलो, लेखी काहीच देत नाहीत. पोर रोज रडते, शाळा बदलायची नाही.

अर्ज केंद्रप्रमुखांकडे करावा की थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे? आणि पुनर्परीक्षा होईपर्यंत तिला सहावीत बसू देतात का?