मदत हवी आहे : टॉवरचा कार्बन हिशोब कसा मांडू?

नमस्कार मंडळी, मी घाटंजी तालुक्यातला, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आमच्या वावराच्या धुऱ्यावरचा मोबाईल टॉवर घेतला, त्याचा कार्बन फुटप्रिंट, म्हणजे त्याच्यापायी किती कार्बन हवेत जाते ते, काढायचा आहे. लाईन गेली की जनरेटर धडधडते, अन् उन्हाळ्यात आमच्याकडे लाईन किती जाते ते सांगायलाच नको. टॉवर पाहणाऱ्या भाऊकडे वही आहे, डिझेल किती, मीटर रीडिंग किती, सगळं पेनानं लिहिलेलं, एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. डिझेलच्या लिटरमागे साधारण २.७ किलो सीओटू अन् ग्रीडच्या (लाईनच्या) विजेच्या युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास, इथपर्यंत जमलं.

अडलं पुढे. एकाच टॉवरवर दोन कंपन्यांचे अँटेना, मग उत्सर्जनाची वाटणी कशी करू, ज्याचा डेटा जास्त त्याच्यावर जास्त, का ज्याची मशीन जास्त वीज खाते त्याच्यावर? आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं) एल.१४१० हे हिशोबाचं मानक म्हणते पूर्ण जीवनचक्र धरा, म्हणजे टॉवरचं लोखंड, बॅटऱ्या बनवतानाचं उत्सर्जनही आलं, पण ते आकडे मले कोण देईन? अन् शेवटी एकूण उत्सर्जनाला भागू कशानं, डेटाच्या जीबीनं की ग्राहकांच्या संख्येनं? रात्री दोन वाजता सारं गाव झोपलेलं, जीबी जवळपास शून्य, टॉवर मात्र वीज खातेच.

कोणी असं काम केलं असन तर सांगा ना राजेहो, गाईड सर म्हणतात तूच ठरव.