ओएलईडी टीव्ही पहिल्यांदा लावला तेव्हा काय वाटलं? (अनुभव लिहा)

काल भाचीने तिचा नवा ओएलईडी बघायला बोलावलं. दिवे घालवले, अंतराळावरचा कुठलासा माहितीपट लावला आणि पडद्याच्या कडाच दिसेनात. नुसते तारे हवेत! मला आमचा जुना पिक्चर ट्यूबवाला आठवला. बंद केला की मधोमध पांढरा ठिपका राहायचा आणि आम्ही भावंडं तो विझेपर्यंत बघत बसायचो. पुढे एलसीडी आला, त्यावर रात्रीचं दृश्य म्हणजे राखाडी धुकं. इतकी वर्षं त्यालाच काळं म्हणत आलो. ओएलईडीत मागे दिवा नसतो, एकेक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि काळं दाखवायचं तर सरळ विझतो, हे वाचलेलं होतं. बघितलं काल.

ज्यांनी घेतलाय त्यांनी पहिल्या दिवसाचं लिहा, बरं-वाईट दोन्ही. मला घ्यायचाय म्हणून विचारत नाहीये. (विचारतोय.)

चष्मिष्ट: काळं वगैरे नंतर, आधी भीती वाटली. वरचा भाग इतका पातळ की खोक्यातून काढताना हात कापत होते. खोक्यावर चित्रच होतं, पडदा मधे दाबू नका म्हणून. सासरे खोक्यात वाकून बघतात, "बाकीचा टीव्ही कुठाय?"

रात्रपाळी: माझं पहिलं मत वाईट होतं. दुकानात व्हिविड मोडवर ठेवतात, सगळं निळसर आणि भगभगीत. घरी फिल्ममेकर मोड लावला तर घरचे म्हणे, याला कावीळ झालीय. पण चित्रपटाचे रंग ठरवताना ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे पांढरा किती पिवळसर-निळसर त्याचं माप) पांढरा धरतात, तो हाच. डोळे रुळायला थोडे दिवस द्या. आता पाहुण्यांकडचा व्हिविड बघवत नाही, रिमोट मागून घेतो. बोलावणं बंद झालंय हल्ली.

गॅलरीतली: कावीळ!! +१

उशिराचा शो: धक्क्यांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? कॅमेरा आडवा सरकला की चित्र अडखळतं. मला वाटलं पीस खराब निघाला. तसं नसतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आणि ओएलईडीचा पिक्सेल क्षणात बदलतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेम ठळक उभी राहते. एलसीडीचा पिक्सेल रेंगाळतो, त्या पुसटपणात हे झाकलं जायचं. मोशन स्मूदिंग (टीव्हीच मधल्या फ्रेम बनवून घालतो ती सोय) अगदी कमीवर ठेवा. पूर्ण चालू केलंत तर मोठा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

गॅलरीतली: आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. दुपारी अंधाऱ्या प्रसंगात मीच दिसते. केस विंचरायला बरा. रात्री मात्र तोड नाही.

चष्मिष्ट: क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) आहे का ताई? त्यातल्या बऱ्याच पॅनेलांवर उजेड पडला की काळं जांभळट होतं.

गॅलरीतली: काय आहे ते खोक्यावर लिहिलं असेल. खोक्यात मांजर झोपलंय.

मुकाट वाचक: बर्फातली शर्यत लावून बघा. पडदाभर पांढरं आलं की उजेड आपोआप उतरतो. वीज आणि उष्णता आवरायला मुद्दाम केलेलं असतं ते. काळोखात एकच दिवा असेल तर तोच टीव्ही डोळे दिपवतो. आणि जुने एसडी (कमी स्पष्ट चित्राचे) चॅनेल लावू नका हो, मोठ्या पडद्यावर चेहऱ्यांचा लगदा होतो.

ट्यूबवाला: सगळे काळं काळं करताय, जुना प्लाझ्मा टीव्ही विसरलात? तोही स्वतःच उजेड द्यायचा. पॅनासोनिकने २०१३ मध्ये बंद करतो म्हणून सांगितलं तेव्हा मी चक्क हळहळलो. त्याच वर्षी ५५ इंची ओएलईडी बाजारात आले. त्याआधी २००७ मध्ये सोनीचा एक्सईएल-१ होता, ११ इंच! एवढा टीव्ही हल्ली लोक खिशात घेऊन फिरतात. जवळजवळ.

रात्रपाळी: काका, केवढा खिसा तुमचा?

पोळ्या_झाल्यावर: घाईत लिहितेय. बाबा दिवसभर बातम्या बघतात, लोगो कोपऱ्यात तसाच. डाग पडतो का कायमचा?

उशिराचा शो: पडू शकतो, रोज तासन् तास तेच चित्र असेल तर. पिक्सेल असमान झिजतात, तो डाग पुसला जात नाही. ब्राइटनेस उतरवा, लोगो मंद करायची सोय चालू ठेवा. आणि रात्री मेन स्विच बंद करू नका. टीव्ही स्टँडबायवर असताना पॅनेलची आपली आपण डागडुजी करतो, वीजच नसेल तर ती राहून जाते.

पोळ्या_झाल्यावर: बाबा सगळे स्विच बंद केल्याशिवाय झोपत नाहीत.

चष्मिष्ट: स्विचवर चिकटपट्टी लावा.

पोळ्या_झाल्यावर: लावली होती. काढली, नीट घडी करून ठेवली, मग बंद केला.

ट्यूबवाला: बाबांना माझा नमस्कार सांगा.

मुकाट वाचक: आवाजाचं राहिलं. इतक्या पातळ अंगात स्पीकर कुठे मावणार? संवाद ऐकू येईनात म्हणून साउंडबार आणला, ईएआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) लिहिलेल्या एचडीएमआयमध्ये जोडला. आता संवाद ऐकू येतात आणि शेजाऱ्यांनाही येतात.

धागाकर्ता इथे: बाबा जिंकले! बरं, भिंतीवर की स्टँडवर?

गॅलरीतली: स्टँड. भिंतीवर लावायला आलेल्याने आमच्या भावाचा इतका उंच ठोकलाय की तिकडे सगळे मान वर करूनच बोलतात, टीव्ही बंद असला तरी. मुकाट वाचक, साउंडबार कुठला ते सांगाल का? शेजारी सोडून.