पीडी-एल१ निगेटिव्ह आलं, तरी इम्युनोथेरपी लागू पडेल का?

तासगावकर: आमच्या अप्पांच्या टाचेवर काळा डाग होता. रानात अनवाणी वावरणारा माणूस. कुरूप समजून वर्षभर रुईचा चीक लावला. निघाला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, आणि आता फुप्फुसात तीन गाठी. पीडी-एल१ (ज्याच्या आडून गाठ प्रतिकारशक्तीपासून लपते ते प्रथिन) १ टक्क्याहून कमी, बीआरएएफ (जनुकातला बदल) निगेटिव्ह, एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) नॉर्मलच्या दीडपट. डॉक्टर निवोलुमॅब सुरू करू म्हणतात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच गाठीवर सोडणारं इम्युनोथेरपीचं औषध. धाकटा भाऊ अडून बसलाय, "पीडी-एल१च नाही, तर औषध धरणार कशाला? आणि त्यासाठी द्राक्षबाग विकायची?" औषध लागू पडणार की नाही, हे आधी कळायची काही टेस्ट आहे का?

स्लाइडवाली: छातीठोक सांगणारी टेस्ट नाही. मी पॅथॉलॉजीत आहे. आम्ही बघतो तो गाठीचा इवलासा तुकडा. शेजारच्या तुकड्यात पीडी-एल१ वेगळं निघू शकतं. मेलानोमात निगेटिव्ह असलेल्यांनाही गुण आलेला आहे, तेव्हा भावाचा हिशेब चुकतोय. वाढलेलं एलडीएच मात्र चांगलं लक्षण नव्हे. पण ते दुखण्याचा जोर सांगतं, औषध निवडून देत नाही.
खरी अडचण टाचेची. उन्हाने झालेल्या मेलानोमात जनुकीय बदल ढीगभर, त्यामुळे शरीराला ती गाठ परकी म्हणून ओळखू येते. तळव्याच्या गाठीत ते कमी, म्हणून गुण येण्याचं प्रमाणही कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे.

मेलबर्नची माई: इकडे हा आजार घरोघरी. माझ्या नवऱ्याला पाठीवर होता. याच औषधाच्या चेकमेट ०६७ नावाच्या चाचणीत मेलानोमाचे ९४५ रुग्ण होते. दहा वर्षांनी एकट्या निवोलुमॅबवाले ३७ टक्के हयात, जोडीला इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचंच दुसरं औषध घेतलेले ४३ टक्के. पण जोडीत निम्म्याहून अधिकांना गंभीर त्रास झाला. आणि ते बहुतेक गोरे लोक हो, अप्पांना तो आकडा जसाच्या तसा लावू नका.
ह्यांच्या पहिल्या स्कॅनला गाठ उलट मोठी दिसली. मी पार्किंगमध्ये बसून रडले. पुढच्या स्कॅनला निम्मी! असं थोड्यांचंच होतं, पण पहिल्या स्कॅनवर लगेच हाय खाऊ नका.

तासगावकर: ताई, माई, दोघींचं भावाला वाचून दाखवलं. डॉक्टरांना टाचेचं विचारलं, तेही हेच म्हणाले. बारा आठवडे औषध, मग सीटी, मग पुढचं. तेवढ्यापुरते पैसे सोसायटीतून उचलतोय. अप्पा विचारतात, छाटणीला कोण येणार.