डॅशंडला नाव काय ठेवावं? कुठल्या जातीला कुठली नावं शोभतात?

घरभर_गोंधळ
नमस्कार मंडळी. नऊ आठवड्यांचा डॅशंड आणलाय. चॉकलेटी रंग, भुवयांच्या जागी दोन बदामी ठिपके, पाय असून नसल्यासारखे. घरी येऊन आठवडा होत आला तरी नाव ठरत नाही. धाकटा भाऊ 'टायगर'वर अडून बसलाय, आई 'चॉकी' म्हणते, मला 'थिओडोर' आवडतं पण आजीच्या तोंडी त्याचं 'थेवडर' होतं. लॅबला अमुक, जर्मन शेफर्डला तमुक असं काही ठरलेलं असतं का? आणि डॅशंडला सहसा काय ठेवतात? सध्या जो तो आपापल्या नावाने हाक मारतोय आणि पिल्लू कुणाकडेच बघत नाहीये.

रॉकीचा_दादा
लॅब म्हणजे ब्रुनो. जर्मन शेफर्ड रेक्स. हस्की लोकी. ग्रेट डेन झ्यूस. डॅशंड ऑस्कर. संपला विषय. टायगर मात्र नको, लोक हसतील.

फाईलवाली_मावशी
अहो दादा, इतक्यात कुठला संपतोय! मी प्राण्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. फाईल काढायची, लसीची तारीख लिहायची आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना नावाने आत बोलवायचं. "ब्रुनो!" अशी हाक मारली की एक लॅब, एक बॉक्सर आणि एक रॉटवायलर, तिघांचेही मालक उठतात. मग मला "ब्रुनो लॅब, कानाचा" असं ओरडावं लागतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. फाईलींचा गठ्ठा बघूनच मला आत कोण येणार ते बरंचसं कळतं. गोल्डन रिट्रीव्हर असेल तर हनी, गोल्डी, सनी, म्हणजे रंग बघितला आणि नाव ठेवलं. काळा लॅब शॅडो, आयरिश सेटर रस्टी, डाल्मेशियन डॉमिनो. मोठ्या अंगाच्यांना सरदारकी मिळते: ड्यूक, टँक, हर्क्युलीस. पूडलच्या वाट्याला कोको, फिफी, जीजी. जर्मन शेफर्डला रेक्स नाहीतर कैझर. शीबा आणि अकिता आले की हाची, कुमा, युकी. कुत्रं जपानी तर नाव जपानी. आणि मॅक्स, चार्ली, बेला, लुना ही माणसांची नावं तर कुठल्याही जातीला चालतात. जगभरच्या याद्यांत वर्षानुवर्षं तीच वर असतात.

काही नावं एखाद्या खऱ्या कुत्र्यामुळे जातीला चिकटली. टोकियोच्या शिबुया स्टेशनवरचा हाचिको अकिता होता. मालक प्राध्यापक उएनो १९२५ साली वारले, तो १९३५ पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, स्टेशनवर येत राहिला. त्यानंतर अकिता म्हटलं की हाची ठरलेलाच. सेंट बर्नार्डमध्ये बॅरी. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठातला मूळ बॅरी १८१४ साली मेला, त्याने ४० हून अधिक माणसं वाचवली असं सांगतात. आजही त्या खिंडीतल्या कुत्र्यांपैकी एकाचं नाव बॅरी ठेवतातच. हस्कीवाल्यांना बाल्टो प्रिय. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावाला कुत्र्यांच्या बर्फगाड्यांनी टप्प्याटप्प्याने घटसर्पावरचं औषध पोहोचवलं, तेव्हा शेवटच्या टप्प्यात गाडीच्या पुढे बाल्टो होता, म्हणून पुतळाही त्याचाच झाला. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा मात्र दुसऱ्या गाडीच्या पुढे असलेल्या टोगोने ओढला होता. ते नाव कुणी ठेवत नाही. मला विचाराल तर हस्कीला टोगोच शोभतं, आणि हाक मारायलाही सोपं आहे.

आता डॅशंड. ऑस्कर, फ्रँकी ही नावं आहेतच, पण याहून चांगली मंडळी तुमच्याकडे आहेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभचिन्ह डॅशंड होतं, रंगीबेरंगी पट्ट्यांचं, नाव वाल्डी. ऑलिंपिकचं ते पहिलं अधिकृत शुभचिन्ह. चित्रकार पिकासोच्या घरी लुंप नावाचा डॅशंड होता, लुंप म्हणजे जर्मनमध्ये बदमाश, आणि तो पिकासोच्या काही चित्रांतही येऊन बसलाय. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलकडे आर्ची आणि एमॉस. यातलं कुठलंही ब्रुनोपेक्षा बरं.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. जातीवरून ठेवलेलं नाव त्या पिल्लाचं नसतं, जातीचं असतं, म्हणून तर बाकावर तिघे उठतात. तुमच्या भावाचं टायगर मला उलट आवडलं. वीतभर चिवावा 'सुलतान' म्हणून आत येतो आणि डॉक्टरांच्या अंगावर जातो, तेव्हा ते नाव त्याला अगदी बरोबर बसलेलं असतं. डॅशंड बिळात घुसून बिज्जूशी भिडायला तयार केलेली जात आहे. पाय आखूड आहेत, हिंमत आखूड नाही. महिनाभरात तुम्हालाच कळेल.

रॉकीचा_दादा
मावशी, मान्य. रॉकी नावाचेही किती असतील तुमच्याकडे?

फाईलवाली_मावशी
तुम्ही तो प्रश्न न विचारलेला बरा.

चौथी_वेत
मी कागदवाली पिल्लं वाढवते, म्हणून एक गोष्ट सुचवते. तुमच्या पिल्लाला वंशावळीचे कागद मिळाले असतील तर त्यावर एक नाव आधीच असेल, तेवढं बघून घ्या. जर्मन पद्धतीत एका केनलच्या, म्हणजे पिल्लं वाढवणाऱ्याच्या, पहिल्या वेताची सगळी पिल्लं 'ए'वरून, दुसऱ्या वेताची 'बी'वरून, असं चालतं. फ्रान्समध्ये अख्ख्या वर्षाला एक अक्षर: २०२४ ला 'व्ही', २०२५ ला पुन्हा 'ए'. के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड ही अक्षरं त्यांनी काढूनच टाकलीत, त्यामुळे वीस वर्षांनी फेरी पूर्ण होते. फ्रेंच कुत्र्याचं कागदावरचं नाव ऐकून जाणकार त्याचं वय सांगतात ते यामुळेच. अर्थात कागदावरचं नाव प्रदर्शनापुरतं, घरातली हाक निराळी. दोन्हींचा संबंध असलाच पाहिजे असं नाही.

घरभर_गोंधळ
कागद आत्ताच काढून बघितले. 'बाल्थाझार', आणि पुढे केनलचं ओळभर आडनाव! म्हणजे दुसऱ्या वेतातला. सगळ्यांना वाचून दाखवलं तर आजीने लगेच त्याचं 'बाळ्या' करून टाकलं, आणि पिल्लाने पहिल्यांदाच मान वळवली. पण भावाला घरात आम्ही बाळू म्हणतो. तो चिडून बसलाय.

फाईलवाली_मावशी
हाहाहा. बाळ्या हाक म्हणून उत्तम आहे. दोन अक्षरं, सुरुवातीला ठसठशीत 'बा', शेवटी 'आ' म्हणजे लांबून ओढून मारता येते. लांब नाव शेवटी तुटतंच, थिओडोरचंही थिओच झालं असतं. हे आजकालच्या ट्रेनरांचं खूळ नाही बरं का. ग्रीक झेनोफनने साधारण २४०० वर्षांपूर्वी शिकारी कुत्र्यांबद्दल लिहिताना नावं आखूड ठेवा, म्हणजे हाक मारायला सोपी, असंच सांगितलं आणि पुढे ४७ नावं देऊन टाकली. फायलॅक्स, हॉर्मी, हेबी, अशी.

पण घरात बाळू असताना बाळ्या चालणार नाही. "बाळू, जेवायला चल" म्हटलं की दोघं येतील. हीच गोष्ट हुकमांची. 'बस' शिकवणार असाल तर बसंती नको, 'नो' म्हणणार असाल तर बो आणि जो नकोत. एका ताईंच्या कुत्रीचं नाव सीता. तिला 'सिट' शिकवायला घेतलं, तर ती प्रत्येक वेळी बसायच्या ऐवजी उठून जवळ यायची, बिचारीचं काहीच चुकत नव्हतं.

दत्तक_माऊ_नव्हे_भूभू
मोठं कुत्रं दत्तक घेतलेल्यांसाठी इथेच लिहून ठेवते, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. नाव बदललं तर चालतं का? चालतं. आमची 'प्रिन्सेस' म्हणून आली होती, आता 'पिंगी' आहे. काही दिवस जुनं आणि नवं जोडून हाक मारली, वळून बघितलं की लगेच खाऊ, मग जुनं गळून गेलं. आधीच्या घरी त्या नावाने मारझोड झाली असेल, नाव ऐकताच अंग चोरत असेल, तर जोडूही नका, नवंच सुरू करा.

रॉकीचा_दादा
कुत्र्याला इतकं कळतं का पण? मला वाटतं ते फक्त आवाजाच्या टोनवर येतात.

चौथी_वेत
टोन महत्त्वाचा आहेच. पण अमेरिकेतल्या चेझर नावाच्या बॉर्डर कोलीला तिच्या प्राध्यापक मालकाने १०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती, आणि ती नावावरून नेमकं खेळणं उचलून आणायची. सगळेच चेझर नसतात, पण स्वतःचं एक नाव कुठल्याही जातीच्या कुत्र्याला जड नाही. डॅशंडला तर नक्कीच नाही. हाक ऐकून न येणं हा त्यांचा निर्णय असतो.

घरभर_गोंधळ
भावाने तडजोड सुचवलीय: 'झारू'. बाल्थाझारमधलाच. आजीला म्हणता येतं, आई नाक मुरडतेय पण 'चॉकी'चा हट्ट सोडलाय. मावशी, चालेल?

फाईलवाली_मावशी
झकास. माझ्या कपाटात झारू एकही नाही. आता दोन पथ्यं पाळा. घरातल्या सगळ्यांनी झारूच म्हणायचं, लाडाचे झारोबा, झारुल्या नंतर. आणि गालिच्यावर शू केली, चप्पल फाडली, नखं कापायचीत, अशा वेळी नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की काहीतरी चांगलं होतं एवढंच त्याला पहिले काही आठवडे कळू दे. आणि लसीच्या कार्डावर, चिप बसवली तर त्या नोंदीतही, घरातली हाक लिहून घ्या. हरवलेला कुत्रा सापडला की सापडवणारा त्याला नावाने बोलावून बघतो, आणि बाल्थाझार म्हटल्यावर तुमचा झारू ढिम्म हलणार नाही.

घरभर_गोंधळ
लिहून घेते. भावाचा निरोप आहे, मधलं नाव टायगर राहील.